तिसऱ्या वाचनाला बसल्यावर

कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण पुढं मी त्यातलं बरंच फोडणार आहे. विषय एवढाच: चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं आपल्याच जुन्या दिवसांत परत जातं. एका खेपेला एकच दिवस, तोही दिवस मावळेपर्यंत. बघायचं, ऐकायचं, पण कशाला हात लावायचा नाही.

गेल्या गणपतीत पुस्तक घेतलं आणि चार दिवसांत एकटीनंच संपवलं. दिवाळीनंतर ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोज रात्री जेवणं आटपली की मोठ्यानं वाचून दाखवलं. आता तिसऱ्यांदा चालू आहे, ह्यांच्याच हट्टानं.

ह्यांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं दुसऱ्याच रात्री तक्रार. "पुढच्या काळात जाणं एकवेळ पटतं. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ आपल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं, ते सांभाळून घ्यावंच लागतं. पुराणातला रैवत राजासुद्धा पुढंच गेला की!" रेवतीसाठी स्थळ विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, आणि तिथलं गाणं संपेपर्यंत खाली २७ चतुर्युगं उलटली. मागं जायचं म्हटलं की सगळा घोळ. स्वतःचंच लग्न मोडून आलं तर मागं जाणारं जोडपं उरलं कुठं? लेखकानं हात न लावण्याचा नियम घालून हा पेच टाळलाय. पळवाटच, पण खपून जाते.

सगळ्यात जमलंय ते सहावं प्रकरण. नव्या संसारातली तरुण ती स्टोव्हवर दूध ठेवून खिडकीशी आईचं पत्र वाचतेय. म्हातारी ती दारात उभी. दूध वर येतंय, हिला दिसतंय, तिला नाही. "अगं, दूध!" असं तोंडून निघून जातं, पण ऐकणार कोण? दूध उतू जातं, स्टोव्ह फडफडून विझतो, खोलीभर जळक्या दुधाचा आणि रॉकेलचा वास. तीन पानं नुसती एवढ्यावर. तिथं आलं की माझं वाचन अजून थांबतं.

नायिका नवऱ्याला अरे-तुरे करते, ते मोठ्यानं वाचताना माझी जीभ अडखळायची. मी आपलं गुपचूप 'अहो' करून टाकलं.

खटकलं ते वेगळंच. दोघांत जुना वाद असतो, दोघं त्या दिवसात जातात आणि कुणाचं खरं ते कळतं. भूतकाळ म्हणजे जणू पंच, आणि निकाल दर वेळी बायकोच्या बाजूनं. पहिल्या वाचनात मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमचा वाद १९८९ चा. लग्नानंतर पहिल्यांदा खानापूरला माहेरी राहून परत येत होते, मीटरगेजच्या गाडीनं. बेळगाव स्टेशनवर न्यायला कुणी नाही. पाऊण तास ट्रंकेवर बसले आणि रिक्षा करून घरी गेले. ह्यांचं म्हणणं, टिळकवाडीच्या गेटला अडकलो. "तुझ्याच गाडीसाठी गेट पडलं होतं! डब्यात दिसलीस, हात केला मी." बरं, गेट पाच मिनिटांनी उघडलं असेल, पुढची चाळीस मिनिटं कुठं होता? त्यावर सायकल पंक्चर झाल्याचं येतं. ते पंक्चर दहाएक वर्षांनी गोष्टीत शिरलं, आधी नव्हतं.

आता मीटरगेज गेलं, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आलं, वाद आहे तिथंच. समजा कादंबरीतल्यासारखं परत जाता आलं, तर मी फलाटावर उभी राहीन आणि हे गेटला. कादंबरीतले दोघं मात्र कायम शेजारी-शेजारी उभे. लेखकानं त्यांना एकदा तरी वेगळं उभं करायला हवं होतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बांधणीसाठी कापला, दुसऱ्या वाचनातच नववं प्रकरण सुटून हातात आलं. निपाणीच्या नणंदबाई कधीच्या पुस्तक मागताहेत. दुधाचं प्रकरण संपलं की देतो, असं ह्यांनी त्यांना तीनदा सांगितलंय.