नक्षीच्या टाइल्स, पांढरे सांधे आणि हळद : नऊ महिन्यांनंतर

सांगलीत राहून स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या सांध्यांत पांढरा ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा मसाला, भरून घेणाऱ्या बाईला काय म्हणावं? मिस्त्री सांगत होता, "वहिनी, राखाडी घ्या, ऐका माझं." ऐकलं नाही. शोरूममध्ये ती निळी-पांढरी नक्षी इतकी देखणी दिसत होती, की मध्ये राखाडी रेघ नकोच वाटली.

घर गावभागातलं, जुनं. २०१९ च्या पुरात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, खालची शहाबादी जागोजागी खचली. डागडुजीवर काही वर्षं काढली आणि मग एकदाचं सगळं उखडलं. स्वयंपाकघरात जमिनीला फूट बाय फूट मॅट व्हिट्रिफाइड, ओट्यामागं भिंतीला तसल्याच नक्षीची चकचकीत सिरॅमिक आणि देवघरापुढं जुन्या पद्धतीच्या, हातानं केलेल्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या.

ओट्यामागचं आधी सांगते. टाइलवर डाग धरतच नाही, फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्यानं निघतात. पण सांधे! पंधरा दिवसांत गॅसमागचे पिवळे झाले. मी सोड्याच्या पाण्यानं ब्रश मारला, तर लालभडक. हळदीला चुना लागला की लाल रंग चढतो हे आजीकडं पाहिलेलं, पण सोडाही तेच करणार हे हातात ब्रश असताना कुठलं आठवायला. गंमत म्हणजे खिडकीजवळचे सांधे आपोआप फिके झाले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि गॅसकडं ऊन येत नाही. शेवटी तिथला ग्राउट पात्यानं खरवडून काढला आणि राखाडी इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा ग्राउट, भरून घेतला. साध्या सिमेंट ग्राउटच्या कितीतरी पट महाग, पण पाणी-तेल पीत नाही. सहा महिने झाले, रेघ अजून जशीच्या तशी आहे. लावताना मात्र मिस्त्रीच्या मागं उभं राहा. टाइलवर सांडलेलं तिथल्या तिथं पुसलं नाही, तर वाळल्यावर नुसत्या पाण्यानं ढिम्म हलत नाही.

जमिनीवर मी खूष आहे. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळं आमटी सांडली तरी पोटात जात नाही. मॅट असल्यानं ओल्या पायानं सासूबाई घसरत नाहीत, आणि चकचकीत नको म्हणण्याचं आमचं कारणही तेच होतं. नक्षीत धूळ दिसत नाही, हे सुख. मोहरीही दिसत नाही, हे दुःख. एकदा डबा उपडा झाला तर दाणे पायाला टोचल्यावरच सापडत होते. पाटाभोवतीची रांगोळीही उठून दिसत नाही. दिवाळीत तीनदा काढली, पुसली, शेवटी पाट उचलून साध्या फरशीवर हॉलमध्ये नेला.

हिशोबात मात्र फसलो. खोली ११० चौरस फूट, १० टक्के जादा धरून १२१ आणल्या. पण नक्षी जुळवायची तर कापलेला तुकडा दुसरीकडं चालत नाही. तीन टाइल्स कमी पडल्या. पुन्हा आणल्या तर बॅच नंबर वेगळा आणि निळा जरा जास्तच निळा. त्या तीन आता फ्रिजखाली आहेत. पाहुण्यांना कळत नाही, मला रोज कळतं.

देवघरापुढच्या लाद्यांवर सगळ्यांचा जीव जडलाय. या भट्टीत भाजत नाहीत, साच्यात रंगीत सिमेंट ओतून प्रेसखाली दाबतात. रंगाचा थर काही मिलिमीटरचा असतो, त्यामुळं नक्षी सहज झिजत नाही. पायाला गार लागतात, दुपारी मांजर तिथंच पसरतं. पण आंबट चालत नाही. सासूबाईंनी चिंच लावून देव घासले, पाणी ओघळलं आणि लादीवर रुपयाएवढा पांढुरका ठिपका उमटला. पाणी मुरू नये म्हणून वरून सीलरचा हात मारला होता म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर नक्षीतलं अख्खं कमळ गेलं असतं. तो ठिपका पॉलिशवाल्याला दाखवायचा राहिलाय. तोवर देव मोरीत घासले जातात, आणि त्यावर रोज मला एक टोमणा मिळतो.

आता गच्चीच्या जिन्याला टाइल लावायची आहे. यावेळी दुकानातून सुटे चार नमुने आणलेत. दोन पायरीवर, दोन गॅसशेजारी ठेवलेत आणि रोज आमटीला फोडणी दिली की मी मुद्दाम झाकण उशिरा टाकते.