बारावी अर्थशास्त्राची खासगी शिकवणी: जून ते जानेवारीचा अनुभव

मुलगी मालवणात बारावी कॉमर्सला आहे. आमच्याकडे अकाउंट्सचे क्लास सहज मिळतात, पण अर्थशास्त्राचं विचारलं की "तो पाठांतराचा विषय, त्याला शिकवणी कशाला?" हेच ऐकू येतं. कोकण विभागाचा बारावीचा निकाल दरवर्षी राज्यात अव्वल लागतो, त्यामुळे पास होण्याची चिंता फारशी कुणाला नसते. आमच्या मुलीला पुढे याच विषयात पदवी करायची आहे. तिला मागणीच्या नियमाची (भाव वाढला की मागणी घटते) व्याख्या पाठ होती, पण आकृतीतला मागणीचा वक्र खाली का उतरतो ते सांगता येत नव्हतं.

एक क्लास पाहिला, तिथे तासभर नोट्स उतरवून घेत होते. मग एका ॲपची चाचणी घेतली. शिकवणं चांगलं होतं, पण ते सीबीएसईचं. त्यांच्याकडे मागणी-पुरवठा आणि निर्देशांक अकरावीत येतात, बारावीला स्थूल अर्थशास्त्र आणि भारतीय अर्थव्यवस्था असते. राज्य मंडळात उपयोगिता, लवचीकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, विदेशी व्यापार असं सगळं बारावीलाच. पैसे भरण्याआधी बालभारतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवून बघा.

शेवटी ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर मिळाले. आठवड्यातून दोन संध्याकाळी, त्यांच्याच पडवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक मिटून विचारलं, "आज बांगड्याचो वाटो कितक्याक?" भाव वाढला म्हणून आपण कमी घेतला तर तो मागणीचा संकोच, त्याच वक्रावर वर सरकायचं. पण श्रावण लागला, भाव तोच आणि तरी घरात मासे येत नाहीत, तर तो मागणीचा ऱ्हास, अख्खा वक्रच डावीकडे. हा फरक कॉलेजात दोनदा शिकवून झाला होता. तिच्या डोक्यात बसला तो त्या संध्याकाळी. साठा आणि पुरवठ्याचंही तसंच. बर्फ नसेल तर होडीतून उतरलेला सगळा साठा संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावाला काढावा लागतो, म्हणजे साठा तोच पुरवठा. बर्फ असला की विकणारा थांबू शकतो, मग पुरवठा साठ्याहून कमी.

निर्देशांकाला, म्हणजे आधार वर्षाला १०० धरून भाव किती वाढले ते मोजायला, तर त्यांनी घरचाच हिशेब करायला लावला. आधार वर्षी २५ रुपयांचे १० नारळ आणि ५० रुपये किलोचा २० किलो तांदूळ. चालू वर्षी नारळ ४० रुपये, म्हणून घेतले ५च. तांदूळ ५५ रुपये, पण २० किलोच. लासपेअरच्या पद्धतीने उत्तर १२० आलं, पाश्चेच्या पद्धतीने साधारण ११५.५६. का वेगळं आलं, ते तिनेच शोधलं: पहिल्यात जुनी नगसंख्या धरतात, दुसऱ्यात चालू वर्षाची, त्यामुळे महागाईमुळे आपण कमी घेतलेले नारळ पहिल्यात अजून दहाच असतात. त्या रात्री ती मला जेवताना हे समजावत होती, आणि मलाही कळलं!

लिहिलेलं तपासण्यात सर फार काटेकोर. आकृतीत अक्षांना नावं नसतील तर पान परत. "सहमत आहात का, सकारण लिहा" या प्रश्नात नुसतं सहमत लिहून चार ओळी ओढलेल्या त्यांना चालत नाहीत, आधी कारण हवं. माझ्या मते शिक्षक निवडताना हेच बघावं: मुलाची वही लाल पेनाने भरते का.

उणिवाही आहेत. नाणेबाजार-भांडवल बाजाराचं प्रकरण वरवरच झालं. सेबी (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) १९८८ला स्थापन, १९९२ला वैधानिक अधिकार, एवढं वहीत आलं. शेअर प्रत्यक्षात कसा घेतात ते तिच्या मामाने मोबाइलवर दाखवलं. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांच्या प्रकल्पात सर लक्ष घालत नाहीत, ते कॉलेजचं काम म्हणतात. ८० गुणांचा पेपर तीन तासांत लिहून घेणं मी आग्रह धरल्यावर दिवाळीनंतर सुरू झालं, ते आधीच व्हायला हवं होतं. पावसात वीज गेली की तास बुडतो, भरूनही काढतात, पण रविवारी सकाळी. शिवाय ते मराठीतूनच शिकवतात, इंग्रजी माध्यमवाल्यांनी आधी बोलून घ्यावं.

फी महिन्याला पंधराशे, मला ती वाजवी वाटते. परीक्षेपर्यंत शिकवणी सुरूच ठेवणार आहोत. तुमच्या गावातही असे निवृत्त शिक्षक असतील, कॉलेजच्या ऑफिसात चौकशी केली तर पत्ता लागतो. मे महिन्यातच विचारा, कारण आमचे सर एका वेळी चारच मुलं घेतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जागा भरतात.