बंड्याचे बूट: अख्खा हिवाळा वापरून झाले, आता लिहितो

कुत्र्याचे हे बूट नोव्हेंबरात घेतलेले, आता मार्च संपत आलाय, म्हणजे अख्खा हिवाळा झाला वापरून. घ्यायच्या आधी मीपण रिव्ह्यू शोधत बसलो होतो पण सगळे आपले "कालच आले, काय गोड दिसतात, पाच स्टार" असले. गोड दिसतात हे खरंय, पण बंड्याला त्याचं काय, तो कुठे आरशात बघतोय.

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, चार वर्षांचा, २८ किलो, कुठल्या जातीचा ते त्यालाच माहीत. मागच्या हिवाळ्यात फिरायला नेलं की दहा मिनिटांत एक पाय वर धरून उभा राहायचा, मग दुसरा, आणि घरी आला की तासभर नुसतं चाटणं. मी समजत होतो पाय गारठतात. डॉक्टरांनी बोटं फाकवून दाखवली तर मधली कातडी लालभडक आणि पंजाखालच्या गाद्यांच्या कडेला बारीक चिरा. म्हणाले थंडी नाही हो, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ आहे हे.

मग घरी येऊन वाचत बसलो. कुत्र्याच्या पायात गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या नसा इतक्या चिकटून असतात की वर परत जाणारं रक्त वाटेतच गरम होतं, त्यामुळे पाय बर्फावर असला तरी अंग गार पडत नाही. हे जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. म्हणजे नुसता बर्फ त्यांना बऱ्यापैकी झेपतो (अर्थात फार कडाक्यात, फार वेळ नाही, हिमदंश त्यांनाही होतो). पण बर्फ वितळवायला जे टाकतात ते वेगळं प्रकरण. साधं मीठ चिरांमध्ये झोंबतं, आणि कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते पाण्यात विरघळताना चक्क गरम होतं, ओल्या बोटांच्या बेचक्यात खडा अडकला की काय होत असेल विचार करा. वर हे चाटून पोटात जातं, मग उलट्या. आमच्याकडे दोनदा झाल्या आणि मी बिचाऱ्याच्या खाण्याला दोष देत बसलो.

तर बूट. घेतले ते रबरी तळाचे, वर कापड आणि दोन वेल्क्रो पट्टे. पहिला सेट वजनाच्या तक्त्यावरून मागवला, चारही एकाच मापाचे, ही माझी चूक, कारण बंड्याचे पुढचे पंजे रुंद आहेत आणि मागचे बारीक, त्यामुळे पुढचे कोंबायला लागायचे आणि मागचे पळता पळता उडून जायचे. माप असं घ्या: पाय कागदावर ठेवा, शेजारचा पाय हाताने उचलून धरा म्हणजे सगळं वजन त्या एका पायावर येतं आणि पंजा पसरतो, तेव्हा पेन्सिलने दोन बाजूंना खुणा करा. नुसता लोळत पडलेल्या कुत्र्याचा पंजा मोजलात तर बूट लहानच येणार. दुसऱ्या वेळी पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे मागवले, तेव्हा बसले.

पहिल्या दिवशी चारही घातले तर असा चालला जसा गुडघाभर पाण्यातून चाललाय, मग खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. आम्ही हसून हसून बेजार. पण सरळ घालून बाहेर नेऊ नका, घरातच दोन पायांत पाच मिनिटं, खाऊ द्या, काढा, दुसऱ्या दिवशी परत. आमचे दहा दिवस गेले यात.

आता वाईट भाग. डिसेंबरात बूट निघून येऊ नयेत म्हणून मी वरचा पट्टा जरा जास्तच आवळला, आणि पायाच्या आतल्या बाजूला ते वर अंगठ्याचं नख असतं ना, बरोबर त्याच्यावर. दोन दिवसांनी बघतो तर तिथले केस गेलेले आणि कातडी सोललेली. आठवडाभर बूट बंद. आता पट्टा त्या नखाच्या खाली, आणि पट्ट्याखाली माझं एक बोट सहज गेलंच पाहिजे. घरी आलं की लगेच काढायचे, आत घाम साठतो, कुत्र्याला तळव्यालाच घाम येतो.

टिकाऊपणा ठीकठाक. रबर अजून शाबूत आहे पण उजव्या पुढच्या बुटाला नखापाशी दुसऱ्याच महिन्यात भोक पडलं, हा बाबा जागोजागी जमीन उकरतो. वेल्क्रोत केस आणि बर्फ भरून तो धरेनासा होतो, जुन्या टूथब्रशने घासा.

अलास्कात इडिटारॉड नावाची स्लेज कुत्र्यांची शर्यत होते, सुमारे १६०० किलोमीटरची, तिथे प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट असलेच पाहिजेत असा नियमच आहे. आणि ते बूट कसे, तर वेगळा रबरी तळ नसलेली साधी पातळ कापडी पिशवी आणि एक पट्टा. ते वाचून तसलेपण घेतले. कोरड्या भुसभुशीत बर्फात रबरीपेक्षा हेच बरे, बंड्या त्यात मोकळा पळतो. पण रस्त्याकडेच्या त्या राखाडी चिखलात दोन मिनिटांत चिंब, आणि मिठाचं पाणी आत घेऊन फिरणं म्हणजे बूट नसलेलंच बरं.

पंजांना लावायच्या मेणाची डबीपण वापरली. बाहेर पडताना दारातच लावायचं, आधी लावलंत तर सगळं फरशीवर पुसलं जातं आणि मग आपणच घसरतो. बर्फाचे गोळे कमी चिकटतात, पण मिठाच्या रस्त्यावर फारसा भरवसा नाही, तास-अर्ध्या तासात उडून जातं. आपलं क्रीम मात्र लावू नका हां, झिंक ऑक्साइडवालं मलम तर अजिबातच नाही, तो चाटणार म्हणजे चाटणारच, आणि ते त्यांना विषारी असतं.

बर्फाच्या गोळ्यांवर खरा उपाय फुकटचा निघाला. गाद्यांच्या मधले केस बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीला आणायचे, दोन-तीन आठवड्यांनी एकदा. आधी बोटांमध्ये गोट्यांएवढे कडक गोळे व्हायचे आणि तो मधेच बसून दातांनी ओढायचा, ते जवळजवळ थांबलं.

आणि बूट असोत नसोत, दारात कोमट पाण्याचं घमेलं हवंच, कारण चिखल वरून बुटात शिरतोच. एकेक पाय बुडवायचा, बोटं फाकवून हलवायचा, मग टॉवेलने बोटांच्या मधून कोरडं करायचं. कोरडं करणं मी सुरुवातीला टाळायचो, तर परत लाली आणि खाज, या वेळी ओल राहिल्यामुळे. पोटपण पुसा, तिथेही उडालेलं असतं. पाच मिनिटं लागतात. आता तो स्वतःच घमेल्याशी येऊन आधी उजवा पाय पुढे करतो, आणि मागच्या पायांच्या वेळी रोज नाटकं.

पाचपैकी तीन स्टार देतो रबरी बुटांना. पाच का नाहीत तर भोक, आणि चार का नाहीत तर जानेवारीत एक बूट हरवला होता म्हणून. तो परवा बर्फ वितळल्यावर फाटकाजवळच सापडला, पट्टा नीट बंद केलेला.