शाळेच्या सहलीला एसटीची गाडी: तासगाव ते पन्हाळा-जोतिबा, एका दिवसात

सांगली-कोल्हापूर भागातल्या लहान गावांतल्या शाळांची सहल म्हटली की अंबाबाई, पन्हाळा, जोतिबा ही नावं ठरलेली. आजोबा गेले तिथेच नातू जातो, आणि बहुतेकदा त्याच लाल गाडीतून. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या कुणालाही सहलीचं विचारा. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या धान्यकोठ्यांची नावं आठवत नाहीत, पण खिडकीवरून कुणाशी भांडण झालं, मागच्या सीटवर कोण किती उंच उडालं आणि ‘ण’ आल्यावर भेंड्या कुठे अडल्या हे बरोबर आठवतं. निम्मी सहल गाडीतच होते, तेव्हा परीक्षणही मुख्यतः गाडीचंच.

आमचं मत आधीच सांगतो. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या एकदिवसीय सहलीला एसटीच घ्यावी. शाळेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वनभोजनाला ती परवडत नाही.

कारण हिशेबात आहे. सहलीची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने, मिळते आणि शालेय सहलींना त्या दरात ५० टक्के सवलत असते. किलोमीटर मात्र आगारातून गाडी निघाल्यापासून ती आगारात परत येईपर्यंतचे धरतात. शाळा आगारापासून बारा किलोमीटर आत असेल तर तुमची मुलं चढण्याआधीच बारा किलोमीटर झालेले असतात. शिवाय दिवसाला ठरावीक किमान किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. आगारात दर विचारताना हा किमान आकडा आधी विचारा आणि मार्ग त्याच्या जवळपास जाईल असा आखा. तासगाव ते कोल्हापूर साधारण ७५ किलोमीटर, तिथून पन्हाळा २०, पन्हाळ्याहून जोतिबा, मग कोल्हापूरमार्गे परत. एकूण दोनशेच्या थोडं वर जातं.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. सोबत विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची यादी, थांब्यांसह मार्ग, निघायची-परतायची वेळ आणि शिक्षण विभागाच्या परवानगीची प्रत. परवानगीला वेळ लागतो, म्हणून आधी तिच्या मागे लागा आणि मग गाडीच्या. पालकांची संमतीपत्रं शाळेकडे ठेवायची, पण त्यांच्या झेरॉक्सची एक फाइल गाडीत असावी. संमतीपत्रावरच रक्तगट, चालू औषध आणि दोन फोन नंबर लिहून घ्या. एकच नंबर असला की तो नेमका शेतात, रेंजबाहेर असतो.

महिनाभर आधी अर्ज केला तरी तारीख चुकली तर उपयोग नाही. सहलींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि त्याच सुमाराला कार्तिकीसाठी गाड्या पंढरपूरकडे वळतात. निवडणूक असली तर मतदानयंत्रं आणि कर्मचारी पोचवायला एसटीच लागते. या दोन्हींच्या आगेमागे चार दिवस सोडून तारीख मागा. रविवारी जोतिबाला जाऊ नका, तो देवाचा वार. पायऱ्यांवर मुलं मोजायलासुद्धा जागा मिळत नाही. पौर्णिमेलाही तेच. सोमवारी बरीच वस्तुसंग्रहालयं बंद असतात. उरतात मंगळवार ते शनिवार, त्यातही शुक्रवारी आणि मंगळवारी अंबाबाईला गर्दी. बुधवार-गुरुवार बघा.

आता आसनं. टू बाय टू गाडीत साधारण ४४. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या नियमात हे छान बसतं: चाळीस मुलं, चार शिक्षक, गाडी भरली. बावन्नचा वर्ग असेल तर पंचाईत. बारा मुलांसाठी दुसरी गाडी घेतली की माणशी वर्गणी एकदम चढते. अशा वेळी आठवी-नववी एकत्र करून ८० मुलांच्या दोन गाड्या करणं स्वस्त पडतं. ‘लहान आहेत, तिघं तिघं बसतील’ हा उपाय करू नका. सपाट रस्त्यावर तो चालून जातो, पन्हाळ्याच्या वळणांवर कडेचं मूल मधल्या वाटेत येऊन पडतं.

गाडी दारात आली की मुलांना लगेच चढू देऊ नये. दहा मिनिटं घ्या. मागचा संकटकालीन दरवाजा उघडतो का, अग्निशामक जागेवर आहे का, स्टेपनी आहे का, कुठली काच सरकत नाही, कुठली सीट हलते. प्रथमोपचाराची पेटी शाळेची वेगळी न्यावी. वाहक सोबत असेलच असं धरू नका. दार लावणं, उतरताना आधी मागून गाडी येत नाही ना बघणं, गाडी मागे घेताना खाली उभं राहून शिट्टी देणं ही कामं एकाच शिक्षकाकडे द्या, आणि ती दिवसभर त्याच्याकडेच ठेवा. मुलं मोजण्यासाठी हजेरीपट वाचू नये, त्याला पाच मिनिटं लागतात. १ ते ४० क्रमांक देऊन मुलांनीच ओळीने म्हणायचे. दीड मिनिटात काम होतं आणि कोण राहिलं तेही कळतं.

उलटी हा सहलीतला खरा शत्रू. गाडीची पाठ मागच्या चाकांच्या पलीकडे बरीच लांब असते, त्यामुळे शेवटच्या दोन रांगांना सगळ्यात जास्त हेलकावे बसतात. नेमक्या त्याच जागांसाठी मुलं धावतात. ज्यांना गाडी लागते त्यांची यादी आदल्या दिवशीच करून त्यांना चालकामागच्या चार रांगांत, खिडकीशी बसवा. नजर बाहेर, लांब ठेवायला सांगा. मोबाइल किंवा पुस्तक बघितलं की डोळे म्हणतात स्थिर आहोत, कान म्हणतात हलतोय, आणि पोट उलटतं. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून पालकांनी घरीच, निघण्याआधी तासभर द्यावी. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी तशीच बाहेर येते. सकाळी उपाशीपोटी आणणं जितकं वाईट, तितकंच वडापाव खाऊन घाट चढणंही. दर दोन मुलांमागे एक पिशवी, गाडीत दोन किलो कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा, आणि जुनी वर्तमानपत्रं. खिडकीबाहेर डोकं काढून उलटी करू देऊ नका. समोरून ऊसाची ट्रॉली येते.

डब्याला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात दुपारपर्यंत आंबतात. कांदा घातलेली बटाट्याची भाजी बंद डब्यात एक वाजेपर्यंत ठीक, तीनला नाही. पाणी दर मुलाची एक लिटरची भरलेली बाटली, वर गाडीत २० लिटरचे दोन जार. जार सीटखाली ठेवले की ब्रेकला पुढे घरंगळतात. पहिल्या पायरीमागे दोरीने बांधा.

एसटीचा मोठा फायदा वाटेवर कळतो: सांगली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, जिथे बसस्थानक तिथे गाडी हक्काने आत जाते. मुली रस्त्याच्या कडेला उतरवाव्या लागत नाहीत. पण वेळ धरा. वीस मुली आणि तीन स्वच्छतागृहं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. वेळापत्रकात लिहिलेली ‘दहा मिनिटं चहा’ ही थाप आहे. गाडी बिघडली तर जवळच्या आगाराकडून दुसरी मागता येते. खासगी गाडीवाल्याकडे पडदे, टीव्ही, गाणी असतात, मात्र पर्यायी गाडी तुमच्या नशिबावर. गाणी नसणं आम्हाला तरी एसटीचा गुणच वाटतो.

वेळ अशी बसते: सहाला तासगाव, सव्वाआठला कोल्हापूर, दर्शन आणि नाश्ता, साडेदहाला पन्हाळा. गडावर तीन तास पुरतात, जेवण धरून. बाजीप्रभूंचा पुतळा, तीन दरवाजा, लागूनच अंधारबाव, अंबरखाना. सज्जाकोठीला कडा आहे. तिथे दहा-दहाचेच गट सोडा आणि पुसाटी बुरूज लहान वर्गांना वगळा. २०२५मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आल्यापासून शिक्षकांना सगळंच दाखवावंसं वाटतं. नववीला दाखवा, पाचवीला नको. दोनला जोतिबा. पायऱ्या उतरून जायच्या असतात, म्हणजे येताना चढायच्या, दमलेल्या पायांनी. गुलाल खिशात भरून आणू देऊ नका. सीटवर सांडला की सगळ्यांचे गणवेश गुलाबी होतात आणि चालक उरलेला रस्ता बोलत नाही.

पूर्वी शेवटचा थांबा कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचा असे, भेळेसह. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर समुद्र, नदी, तलाव अशा ठिकाणी शालेय सहली नेण्यावर कडक बंधनं आली. भेळ खायचीच असेल तर बसस्थानकाजवळ खा आणि साडेपाचला निघा, म्हणजे आठच्या आत गाव. चालकालाही पाच तास गाडी चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते, आणि त्याचं जेवण मुलांच्या आधी वाढावं. दुपारी दीडला पोटभर जेवलेला चालक पावणेदोनला स्टेअरिंगवर नको.

पार्किंग, पन्हाळ्याचा प्रवेशकर वगैरे भाड्यात नाहीत असं समजून मुलामागे थोडी रक्कम वेगळी ठेवा. निघताना आणि परतल्यावर मीटरचा आकडा चालकासमोर वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. आगाऊ भरलेल्या रकमेतून काही परत मिळायचं असेल तर याच आकड्यांवर मिळतं, आणि त्यासाठी पावतीची मूळ प्रत लागते, झेरॉक्स नाही.