वापरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुन्या गाडीत : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला. रिव्हर्स गेला होता आणि ऑइल काळे पडून त्याला जळकट वास येत होता. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स मी बसवून घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. गाडी रोज चालते आणि हा बदल यशस्वी झाला असे मी खात्रीने म्हणू शकतो. मात्र सुरुवातीच्या काळात ज्या तक्रारी उद्भवल्या, त्यांपैकी एक वगळता बाकी सगळ्या गिअरबॉक्सच्या भोवतालच्या जोडणीत सापडल्या. ‘हाही बॉक्स खराबच निघाला’ असे म्हणून तो पुन्हा उतरवला असता, तर श्रम वाया गेले असते आणि दोष तिथेच राहिला असता.

पहिली तक्रार होती ती रिव्हर्स उशिरा बसण्याची. अशा गिअरबॉक्समध्ये इंजिन गरम असताना न्यूट्रलमधून ‘डी’मध्ये गेल्यावर साधारण १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्समध्ये १.५ सेकंदांच्या आत गिअर बसल्याचे जाणवले पाहिजे. इथे त्याहून स्पष्ट उशीर होत होता. कारण साधे होते. नव्याने भरलेले ऑइल इंजिन सुरू झाल्यावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांमध्ये जाते, त्यामुळे इंजिन बंद असताना पाहिलेली पातळी फसवी असते. आमच्या गाडीत ती इंजिन चालू ठेवून, ऑइल ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून ‘पी’मध्ये पाहायची असते. काही कंपन्यांच्या गाड्यांत पद्धत वेगळी आहे, म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहणे अत्यावश्यक आहे. कमी पडलेले ऑइल थोडे थोडे भरल्यावर उशीर नाहीसा झाला. ऑइल जास्त झाले तरी तितकेच वाईट, कारण फिरणारे भाग ते घुसळून त्याचा फेस करतात आणि फेसाळलेल्या ऑइलने दाब धरला जात नाही.

दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना इंजिनचे आरपीएम क्षणभर वर जाऊन मग गिअर बसत असे. बॉक्स अजून जुन्या पद्धतीचा असल्याने गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, पण ऑइलचा दाब किती असावा हे थ्रॉटलची केबल ठरवते. केबल सैल असेल तर दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि घसरता घसरता जळतात. ती जास्त ताणलेली असेल तर गिअर झटक्याने पडतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना केबलवरचा स्टॉपर आणि रबरी आवरणाचे टोक यांत ० ते १ मिलिमीटर अंतर असावे, असे माझ्या मॅन्युअलमध्ये दिले आहे. प्रत्यक्षात ते अंतर बरेच जास्त निघाले. दोन नटांचे हे काम असले, तरी याच्याकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहिल्यास चांगला बॉक्स संपायला फार वेळ लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो गाडी तापल्यावरच लागणाऱ्या दिव्याने. या मॉडेलमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरचा, दिवा लुकलुकून दोषाचा क्रमांक सांगतो. ६२ आणि ६३ हे गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या झडपांचे) आणि ६४ हा लॉकअपच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या, सोलेनॉइडचा. आमच्याकडे ६२ येत होता. थंड असताना मल्टिमीटरने मोजले तर सोलेनॉइडचा रोध १३ ओहम, म्हणजे ११ ते १५ या अपेक्षित मर्यादेत अगदी व्यवस्थित. सोलेनॉइड बदलण्याचा सल्ला मिळाला होता, तरी मी आधी बॉक्सच्या बाजूचा कनेक्टर उघडून उजेडात धरला. एक पिन इतर पिनांच्या रांगेतून किंचित मागे सरकलेली होती, आणि तिच्यामागची वायर हलके ओढली की ती आणखी मागे जात असे. बॉक्स तापला की हा अर्धवट संपर्क तुटत होता. पिन पुढे ढकलून तिची कडी बसवली आणि त्यानंतर तो क्रमांक कधीही आला नाही. त्याच वेळी इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टीही तपासली. बॉक्स उतरवताना ती बहुधा सोडावी लागते आणि जोडताना हमखास राहून जाते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत त्यामुळे जे विचित्र प्रकार होतात, त्यांचा माग काढणे फार अवघड जाते.

आता ती एक तक्रार, जी खरोखर बदललेल्या भागाची होती. ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या सुमारास, हलक्या ॲक्सिलरेटरवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येई. या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच घट्ट बसून इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. थरथर तिथलीच आहे का हे ओळखण्याची एक चांगली युक्ती आहे : ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला, ब्रेक लागणार नाही पण दिवा लागेल इतका स्पर्श करायचा. ब्रेकच्या स्विचमुळे लॉकअप सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय बळावतो. अर्थात कमजोर स्पार्क प्लगमुळे होणारे मिसफायरही (इंधन नीट न पेटणे) लॉकअपमध्येच जास्त जाणवते, म्हणून प्लग आणि कॉइल आधी तपासून घेतले. मग योग्य प्रतीचे ऑइल भरून, गाडी चालवून, पुन्हा काढून भरले, कारण पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे) रिकामा केला तरी जुन्या ऑइलचा बराच भाग कन्व्हर्टरमध्येच राहतो. त्याने थरथर कमी झाली, गेली नाही. अखेर बॉक्स खाली घेऊन दुरुस्त केलेला कन्व्हर्टर घातला. ज्यांना असा बॉक्स बसवायचा आहे त्यांनी कन्व्हर्टर आणि पुढचे सील बॉक्स जमिनीवर असतानाच बदलावेत, हे मी आग्रहाने सांगतो. जुन्या बॉक्सचा कचरा कूलरमध्ये साठलेला असतो. तोही आधी धुऊन काढला पाहिजे.

कन्व्हर्टर बसवतानाचा भाग मी स्वतः उभा राहून पाहिला. तो शाफ्टवर सरकवून, आत दाबत हळूहळू फिरवावा लागतो आणि आत जाताना टप्प्याटप्प्याने ‘टक’ असा आवाज येतो. शेवटचा टप्पा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या खाचांचा असतो. बॉक्स इंजिनला भिडवल्यावर, बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या पुढच्या, इंजिनला जोडल्या जाणाऱ्या आवरणाच्या) कडा टेकलेल्या असताना, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागच्या, कन्व्हर्टर जिला जोडतात त्या चकतीपासून) काही मिलिमीटर मागे असला पाहिजे. हे अंतर नसेल तर बोल्ट आवळून कडा जवळ ओढू नयेत, कारण तसे केल्यास पंप तुटतो. इंजिनवरच्या डॉवेल पिना (बॉक्स नेमका जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. त्या नसतील तर बॉक्स किंचित तिरका बसतो आणि पुढचे सील पुन्हा पुन्हा गळत राहते.

आजची स्थिती अशी : थरथर पूर्ण गेली आहे, लॉकअप होताना आरपीएम नीट उतरतात आणि किकडाउन (ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडणे) ताबडतोब मिळतो. इंजिन अगदी थंड असताना दुसऱ्यावरून तिसरा गिअर किंचित लांबतो, गाडी तापली की ते जाणवत नाही. बॉक्सचे वय पाहता हे मी मान्य केले आहे. अलीकडे पॅन उघडला तेव्हा त्यातल्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती, पण धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचे तुकडे नव्हते आणि ऑइल अजून लाल आहे. पॅनची गॅस्केट नवी घालून तो बंद केला आहे, आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी चुंबक पुन्हा पाहणार आहे.