बाळांच्या नावांची अमेरिकन सरकारी साईट, ५ पैकी ४ स्टार

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची (म्हणजे तिकडचं पेन्शन बघणारं सरकारी खातं) ही फुकट साईट आहे, तिकडे जन्मलेल्या पोरांची नावं वर्षवार टाकलीयत, पार १८८० पासून. लॉगिनची भानगड नाही, नाव टाका आणि कुठल्या वर्षी कितव्या नंबरला होतं ते बघा. घरात बाळ येणार असो नसो, सिनेमा-सिरियलचं वेड असेल तर तासन् तास जातात.

मॅडिसन टाकून बघाच. १९८४ च्या 'स्प्लॅश' पिक्चरमधली जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्याची पाटी बघून हे नाव घेते, तिथे तो जोक होता कारण मुलीचं नाव मॅडिसन कोण ठेवतंय, आणि २००१ ला तेच नाव मुलींमध्ये थेट दुसऱ्या नंबरला! म्हणजे पिक्चरनंतर सतरा वर्षांनी, तोवर नाव कुठून आलं हे बऱ्याच आईबापांच्या डोक्यातही नसणार. लिंडाची गंमत वेगळीच. १९४७ ला 'लिंडा' गाणं गाजलं आणि त्याच वर्षी लिंडा पहिल्या नंबरला गेली, सुमारे ९९ हजार मुली, १८८० पासून सलग वर असलेल्या मेरीला खाली ढकलून. सगळं श्रेय गाण्याला देतात लोक, पण आधीचं वर्ष उघडून बघा ना, लिंडा तेव्हाच दोन नंबरला होती. गाण्यानं वाऱ्याच्या दिशेनंच फुंकर मारली. मला ही साईट आवडते ती याचसाठी, ऐकीव गोष्ट लगेच तपासता येते.

अलेक्सा बघून मात्र वाईट वाटलं. २०१५ ला सहा हजारांवर मुलींना दिलेलं नाव, मग 'अलेक्सा' अशी हाक मारून कामाला लावायचा ॲमेझॉनचा स्पीकर घरोघरी गेला आणि काही वर्षांत ते पहिल्या शंभरातनं बाहेर. ज्यांचं नाव आधीच ठेवलेलं त्या पोरींनी काय करायचं?

आता तक्रार. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरियल २०११ ला सुरू झाली आणि तिच्यातल्या मुलीचं आर्या हे नाव तिकडे भराभर वर चढलं, पण आपल्या मराठी घरांमधल्या आर्याही त्याच आकड्यात मिसळतात, कोण सिरियलवाली आणि कोण आपली हे कळायला मार्ग नाही. त्यात प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, एक ए जादा लावला की वेगळं नाव, त्यामुळे एखाद्या नावाची खरी लोकप्रियता बघायची तर बेरीज आपणच करायची. एक स्टार यासाठीच कापला. १९३७ च्या आधी जन्मलेल्या कित्येकांनी सोशल सिक्युरिटी कार्ड काढलंच नव्हतं, म्हणून जुने आकडे अपुरे आहेत, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि सर्चमध्ये फक्त पहिली हजार नावं दिसतात, दुर्मिळ नाव शोधायचं असेल तर झिप फाईल डाउनलोड करा, वर्षाला पाचपेक्षा कमी बाळांची नावं मात्र तिथेही देत नाहीत.