हार्मोनच्या गोळ्या आणि फुफ्फुसाचा कॅन्सर: आधी गर्भपिशवीचं विचारा

भुसावळच्या मे महिन्यात अंग तसंही भाजून निघतं. त्यात पाळी जाण्याच्या वयातल्या गरम वाफा आल्या की झोपेचं खोबरंच. डॉक्टर हार्मोन सुचवतात, शेजारीण म्हणते, 'नको गं, कॅन्सर होतो.' कुठल्या गोळीने कुठला, ते कोणी सांगत नाही.

पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं औषध घ्यावंच लागतं, नाहीतर पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची भीती. पिशवी काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. फुफ्फुसाच्या बाबतीत या दोघींचा हिशोब वेगळा निघाला.

अमेरिकेच्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांपैकी साधारण निम्म्यांना दोन्ही औषधं एकत्र, म्हणजे जोड गोळी दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २००२ मध्ये ती थांबवली, नोंदी पुढे चालू राहिल्या. फुफ्फुसाचा कॅन्सर औषध घेणाऱ्यांत १०९ आणि न घेणाऱ्यांत ८५ जणींना झाला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. त्या कॅन्सरने मृत्यू मात्र ७३ विरुद्ध ४०, आणि तो योगायोग म्हणून सोडता येत नाही. पिशवी काढलेल्या १०,७३९ जणींच्या चाचणीत, नुसत्या इस्ट्रोजेनवर, मृत्यू ३४ विरुद्ध ३३. म्हणजे जवळपास बरोबरी.

तरी घाबरून जायला नको. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आपल्याकडे हा प्रश्न पंचेचाळीस-पन्नाशीतच उभा राहतो. औषध बंद केल्यावर पुढच्या वर्षांत मृत्यूंमधला तो फरक कमी होत गेला. जोड औषध बरीच वर्षं घेणाऱ्या बाईने खरी काळजी स्तनाच्या कॅन्सरची करावी.

हार्मोन नकोच असेल तर व्हेनलाफॅक्सिन किंवा गाबापेंटिनने वाफा कमी होतात, पण हार्मोनइतक्या नाही, आणि हाडांना त्यांचा उपयोग नाही. त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं. रक्तात ते फार थोडं उतरतं.

माझं मत विचाराल तर अठ्ठेचाळिशीची, पिशवी असलेली, बिडी-सिगारेट कधी न ओढलेली, वाफांनी हैराण झालेली बाई असेल, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या नसतील, तर तिने कमीत कमी डोस घ्यावा आणि दरवर्षी पुन्हा विचार करावा. बिडी ओढणाऱ्या किंवा साठी ओलांडलेल्या बाईला मी जोड गोळी सुचवणार नाही. बिडीवालीचा धोका मुळातच इतका मोठा की त्यावर थोडी टक्केवारी चढली तरी जीव जास्त जातात. तिने आधी बिडी सोडावी.

धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गोष्ट आहे: पराट्या-तुराट्यांवर, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांवर, वर्षानुवर्षं पेटलेली चूल. घरात लाकूड जाळल्याच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. डॉक्टर हे क्वचितच विचारतात, म्हणून आपणच सांगायचं. आणि टीबीचे उपचार घेऊनही खोकला हटत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर हार्मोनचा विषय बाजूला ठेवून आधी छातीचा सीटी स्कॅन करून घ्या.